एकत्र कुटुंबाची मोजदाद

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून कपाटाच्या वरच्या खणात एखादा कुलवृत्तान्त हटकून आढळतो. जाड पुठ्ठ्याची बांधणी, मधूनमधून घडी घालून चिकटविलेले वंशवृक्षाचे मोठे कागद, आणि प्रत्येक शाखेखाली मूळ गाव, गोत्र, कुलदैवत व ‘हल्ली मुक्काम’ यांची नोंद. अशा ग्रंथांच्या प्रस्तावना आम्ही पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांतील सूर थोड्याफार फरकाने एकच असतो : पूर्वी आपले घराणे एका छपराखाली नांदत होते, एका पंगतीस जेवत होते, इंग्रजी विद्येने व नोकरीने ते दशदिशांस पांगले, चुलतभाऊ चुलतभावास ओळखीनासा झाला, म्हणून ही खटपट. प्रस्तावना संपवून वाचक वंशवृक्षाकडे वळला म्हणजे मात्र त्यास निराळाच प्रकार दिसू लागतो. कोकणातले गाव सोडून मूळ पुरुष घाटावर आला तो पेशवाईत. त्याच्या तीन मुलांपैकी एक पुण्यास राहिला, दुसरा शिंद्यांच्या पदरी उत्तरेस गेला, तिसरा गायकवाडांच्या फौजेबरोबर गुजराथेत उतरला. घराणे पांगले ते आगगाडी येण्याच्या शंभर वर्षे आधी! ही सारी माहिती प्रस्तावनाकारांनीच घरोघर पत्रे घालून जमविलेली असते. पण ती त्यांच्या प्रस्तावनेत काही शिरत नाही.

अशी विसंगती केवळ हौशी कुलवृत्तान्तकारांच्याच हातून घडली असे नाही. आपल्या देशात समाजशास्त्र या विषयाचे रीतसर अध्ययन सुरू झाल्यानंतरही बराच काळ विद्वानांची स्थिती हीच होती. एकत्र कुटुंब मोडत चालले आहे, हे त्यांनी सिद्ध केलेले अनुमान नव्हते. ते त्यांनी आरंभीच गृहीत धरलेले होते. ते तपासून पाहावे असे कोणास केव्हा वाटले, आणि तपासल्यावर काय हाती आले, ती हकीकत मुख्यतः मुंबई, पुणे व बडोदे या तीन शहरांत घडली. म्हणून ती येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

या समजुतीची पाळेमुळे इंग्रज कायदेपंडितांपर्यंत जातात. सर हेन्री मेन यांचा ‘एन्शंट लॉ’ हा ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी हिंदुस्थान पाहिलाही नव्हता. पुढील वर्षी ते गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदेमंत्री म्हणून आले. मानवी समाज कुळाकडून व्यक्तीकडे प्रवास करीत आला आहे, आणि त्या प्रवासाची आरंभीची अवस्था हिंदू एकत्र कुटुंबात अजून जिवंत पाहावयास मिळते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. त्यांचा आधार होता धर्मशास्त्राचे ग्रंथ व न्यायालयांतील वाद. आता न्यायालयात येतो तो मालमत्तेचा वाद, आणि मालमत्ता असते ती मूठभरांजवळ. त्या मूठभरांच्या वाटण्यांवरून सबंध हिंदू समाजाच्या घरांचे चित्र रंगविले गेले, आणि आपल्याकडील सुशिक्षितांनीही ते आपले म्हणून स्वीकारले. सुधारकास ते चित्र मोडावयाचे होते, सनातन्यास ते जपावयाचे होते. चित्र खरे आहे की नाही, याविषयी मात्र दोघांचेही एकमत होते.

शिरगणतीचे आकडे यात मोडता घालीत होते, पण तिकडे लक्ष देतो कोण? १९११ च्या शिरगणतीत एका घरास सरासरी पाचाच्या आतबाहेरच माणसे भरली. आजोबा, आजी, तीन मुलगे, तीन सुना व नातवंडे अशा घरांचा देश असता तर ही सरासरी इतकी खाली कशी यावी? पुढे १९५१ च्या शिरगणतीत कमिशनर गोपालस्वामी यांनी घरांचे लहान, मध्यम, मोठे व फार मोठे असे वर्ग पाडले. तीन किंवा त्यांहून कमी माणसांची घरे खेड्यांत शेकडा ३३ व शहरांत शेकडा ३८ निघाली. यावरून, परंपरेप्रमाणे एकत्र राहण्याची रीत आता सुटत चालली आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आकडा बरोबर होता. ‘आता’ हा शब्द मात्र आकड्यातून आलेला नव्हता.

हा निष्कर्ष ज्या सुमारास निघाला तो काळही लक्षात घेतला पाहिजे. हिंदू कायद्याच्या संहितेचा वाद तेव्हा ऐन भरात होता. मुलीस बापाच्या मिळकतीत वाटा दिला तर जावई घरात शिरेल आणि कुटुंब मोडेल, असे विरोधक कंठरवाने सांगत होते. कुटुंब मोडलेलेच आहे, तर मग मुलीस वाटा देण्यास हरकत कोणती, असे दुसऱ्या बाजूचे काही म्हणत होते. १९५६ साली वारसाहक्काचा कायदा झाला तो तडजोडीचा. वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क मिळावयास २००५ साल उजाडावे लागले. तेव्हा घरे मोजण्याचे हे काम म्हणजे विद्वानांचा रिकामपणाचा उद्योग नव्हे. कोणत्या मुलीच्या पदरात काय पडावयाचे, हे काही अंशी त्यावर अवलंबून होते.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी उघडला, आणि १९२४ पासून त्याची धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये मूळचे मालवणचे. संस्कृतात मुरलेले, केंब्रिजला शिकून आलेले, स्वभावाने करडे. स्वतः ते ग्रंथांत रमणारे असले तरी विद्यार्थ्यांस त्यांनी हरतऱ्हेच्या विषयांवर माणसांकडे पाठविले. मर्चंट यांनी हिंदू तरुणांची विवाह व कुटुंब यांविषयीची मते प्रश्नावल्या पाठवून गोळा केली व १९३५ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. चंद्रकला हाटे यांनी मध्यमवर्गीय स्त्रियांची स्थिती त्यांच्याच तोंडून ऐकली. त्यांचा ‘हिंदू वुमन अँड हर फ्युचर’ हा ग्रंथ १९४८ चा. म्हैसूरचे श्रीनिवास, नवसारीचे कापडिया, गुजराथेतलेच इरावती-पंथी म्हणावे असे आय. पी. देसाई आणि स्वतः इरावतीबाई कर्वे, हे सारे घुर्यांचेच विद्यार्थी.

इरावतीबाईंविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. ब्रह्मदेशात जन्मलेल्या, पुण्यात वाढलेल्या, बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या बाईंनी १९३९ पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन केले. ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. एका छपराखाली राहणारे, एका चुलीवर शिजलेले अन्न खाणारे, मिळकत सामाईक असणारे व कुलधर्म एकत्र करणारे ते एकत्र कुटुंब, अशी व्याख्या त्यांनी त्यात केली, आणि पुढे ज्याने त्याने तीच प्रमाण मानली. आम्हांस मात्र त्या व्याख्येपेक्षा त्यांची पद्धत अधिक मोलाची वाटते. नात्याचे शब्द गोळा करीत त्या प्रांतोप्रांती हिंडल्या. उत्तरेकडे मुलगी दूरच्या गावी, अनोळखी घरात दिली जाते. दक्षिणेत ती बहुधा मामाच्या किंवा आत्याच्या घरी, ओळखीच्या माणसांत जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये पडतो, कारण येथे पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, पण आत्याची चालत नाही. सासरी गेलेल्या मुलीचे सुखदुःख या एका भेदाने किती पालटते, हे त्यांनी लोकगीतांच्या आधाराने दाखविले. एकत्र कुटुंब म्हणजे केवळ भावाभावांचा संसार नव्हे, परक्या घरांतून आलेल्या स्त्रियांनी तो चालविलेला असतो, ही गोष्ट आकडेवाल्यांच्या ध्यानात फार उशिरा आली. ‘परिपूर्ती’ लिहिणाऱ्या बाईस ती कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती.

आता देसाईंकडे वळू. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांचे पुण्यातील हायस्कुलांच्या विद्यार्थ्यांवरील पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास ते बडोद्यास आले. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले होते आणि तेथे श्रीनिवास यांनी १९५१ मध्ये समाजशास्त्राचा नवा विभाग उभा केला होता. खेड्यात वर्ष-वर्ष राहून पाहावे, पोथीतला हिंदू आणि गावातला हिंदू यांची गल्लत करू नये, ही श्रीनिवासांची शिकवण. देसाईंनी त्या शिकवणीस स्वतःची एक जोड दिली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील महुवा या लहान शहरातील ४२३ कुटुंबांची त्यांनी पाहणी केली, आणि तिचा ग्रंथ १९६४ साली प्रसिद्ध झाला.

त्यांचा मूळ मुद्दा ऐकावयास साधा आहे. एका घरात किती माणसे राहतात, हे मोजल्याने कुटुंब मोजले जात नाही. दोन भाऊ दोन गावी राहत असतील. पण घर व शेत सामाईक असेल, धाकट्याच्या मुलीच्या लग्नास थोरला कर्ज काढीत असेल, महिन्याच्या महिन्यास मनिऑर्डर जात असेल, तर ती दोन कुटुंबे म्हणावयाची की एक? म्हणून देसाईंनी एकत्रपणाच्या पायऱ्या कल्पिल्या : ज्यांचा नातलगांशी व्यवहारच उरलेला नाही ते एका टोकास, मग परस्परांची कर्तव्ये पाळणारे, मग मिळकत सामाईक असणारे, मग दोन पिढ्या एकत्र नांदणारे, आणि शेवटी तीन किंवा अधिक पिढ्यांचे पूर्ण एकत्र कुटुंब. या फूटपट्टीने मोजल्यावर महुव्यात खऱ्या अर्थाने सुटी झालेली कुटुंबे निघाली शेकडा ५. छपरे निरनिराळी असलेली, पण मिळकतीने वा कर्तव्याने बांधलेली कुटुंबेच बहुसंख्य होती. कापडिया यांनी पूर्वीच्या बडोदे संस्थानातील नवसारी शहर व भोवतालची पंधरा खेडी तपासली, त्यांतही शहराने एकत्र कुटुंब गिळले असे काही दिसले नाही. त्यांचे प्रमाण शहरात खेड्यांपेक्षा कमी नव्हते.

आमच्या वाचकांस हे नवल वाटण्याचे कारण नाही. गोव्याबाहेर चार पिढ्या काढलेली घराणी अजून मंगेशीस किंवा शांतादुर्गेस आपले कुळाचे नाते सांगतात. मुंबईत कोणी वारला म्हणजे कारवारात नि बेळगावात सुतक धरले जाते. तिकडील कायद्याने तर हा गुंता आणखी वाढविला. पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० मध्ये लागू झाली, तीत मुलगा व मुलगी यांचा वाटा समान. पुढे १८८० च्या डिसेंबरात हिंदूंच्या चालीरीतींची वेगळी संहिता निघाली व तीत एकत्र कुटुंबासही स्थान मिळाले. याचे फळ म्हणजे कुलुप घातलेली जुनी घरे, ज्यांचे हिस्सेदार मुंबईपासून लिस्बनपर्यंत विखुरलेले आहेत व ज्यांचा इन्व्हेंतार वर्षानुवर्षे चालतो. देसाईंच्या फूटपट्टीवर अशा घरास कोठे बसवावे? राहते माणूस एकही नाही, आणि मिळकत मात्र पंचवीस जणांची सामाईक!

तरीही एक शंका उरतेच. आज मनिऑर्डरीपुरते उरलेले हे ऐक्य पूर्वी छपराचे व चुलीचे असेल, आणि म्हणून कुलवृत्तान्तकारांचा शोक खराही असेल. याचे उत्तर जुन्या दप्तरांवाचून मिळणे शक्य नव्हते, आणि सुदैवाने तशी दप्तरे होती.

पेशवाई बुडाल्यानंतर लवकरच टॉमस कोट्स या इंग्रज शल्यवैद्याने पुण्याजवळील लोणी या खेड्याची घरवार पाहणी केली, आणि मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे १८२० साली ती वाचून दाखविली. घरे, माणसे, नांगर, कर्जे, अंगावरचे कपडे, सणाचे जेवण. त्याने काही म्हणता काही सोडले नाही. हे लोणी म्हणजे नगर रस्त्यावरील लोणीकंद. घुर्यांनी तेथे पुन्हा पाहणी करवून १९६० साली ‘आफ्टर अ सेंच्युरी अँड अ क्वार्टर’ हे पुस्तक लिहिले. पुढे पॉलिन कोलेंडा या अमेरिकन विदुषीने १८१९, १९५८ व १९६७ या तीन सालांचे लोणीकंदचे आकडे एकाशेजारी एक मांडून १९७० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. दीडशे वर्षांत एकत्र कुटुंबे उतरणीस लागली असे त्या आकड्यांत दिसले नाही. बडोद्यास श्रीनिवासांच्या हाताखाली तयार झालेले ए. एम. शहा यांनी गुजराथेतील खेडा जिल्ह्यात तसेच काम केले. १८२५ च्या सुमाराच्या इंग्रजी मोजणीची घरवार यादी हाती घेऊन त्यांनी ती १९५५ नंतरच्या त्याच गावाशी ताडून पाहिली. लहान घरे तेव्हाही विपुल होती. ‘घर’ आणि ‘कुटुंब’ हे शब्द सांभाळून वापरा, असा इशारा त्यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात दिला, आणि तो रास्तच होता. मराठीत तर हा घोटाळा आणखी गमतीचा आहे. आमच्या लहानपणी ‘कुटुंब माहेरी गेले आहे’ असे गृहस्थ म्हणत, तेव्हा फक्त त्यांची पत्नी गेलेली असे.

जुन्या काळी घरे लहान का असावीत, याचा उलगडा दुःखद आहे. तीन पिढ्या एका घरी नांदावयाच्या तर आजोबा जगावयास हवा. १९११ ते १९२१ या दशकात, ज्यात प्लेग होता व १९१८ ची इन्फ्ल्युएंझाची साथ होती, हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान सुमारे वीस वर्षे होते. १९५१ च्या सुमारासही ते बत्तिसाच्या आसपास आले होते एवढेच. बालमृत्यू वगळून हिशेब केला तरी नातवाचे तोंड पाहणारा म्हातारा हा भाग्यवंतच समजावयाचा. बाप गेला की भाऊ वेगळे निघत; त्यांची मुले मोठी होऊन त्यांस सुना येत, तोवर घर लहानच असे; सुना आल्या की पुन्हा काही वर्षे मोठे होई. मोठे घर ही एका कुटुंबाच्या आयुष्यातील एक अवस्था होती, आणि ती पुरी होण्याआधीच पुष्कळदा मृत्यू येई. वैद्यकाने म्हातारपण सुलभ केले तेव्हा आजी-आजोबा, मुलगा-सून व नातवंडे असे घर अधिक जणांच्या वाट्यास येऊ लागले. शहा यांनी १९९८ मधील आपल्या निबंधसंग्रहातही हा विचार पुढे मांडला आहे. नव्या काळाने एकत्र घर मोडले असे म्हणणाऱ्यांस हा उलट हिशेब पचणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो.

दुसरे कारण जमिनीचे. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्राचार्य असताना त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली प्रसिद्ध केली. तेथे एका खातेदाराकडील सरासरी जमीन १७७१ साली ४० एकर होती, १८१८ साली साडेसतरा झाली, आणि १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आली. १५६ मालकांचे शेकडो तुकडे! हे तुकडे कोणी पाडले? भावांनी, आणि इंग्रजी शाळा गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून. (त्याच पिंपळे सौदागरात आज बहुमजली इमारतींच्या रांगा उभ्या आहेत, मॅन साहेबांस गाव ओळखताही येणार नाही.) ज्यांना जमीनच नव्हती त्यांचे तर बोलणेच नको. भूमिहीन मजुराचा मुलगा लग्न होताच बाजूस खोपट घाली, कारण एकत्र राहून सांभाळावे असे काही नव्हतेच. एकत्र कुटुंबाचा आदर्श साऱ्यांचा होता. ते चालविण्याची ऐपत मात्र थोड्यांची होती. वाड्यात राहणाऱ्यांनी इतिहास लिहिला, म्हणून सगळा महाराष्ट्र वाड्यात राहत होता असे आपल्यास वाटत आले.

या संशोधनाने कोणाची सुटका झाली असेल तर ती दोन आरोपींची : शिकलेला मुलगा आणि त्याची बायको. घर फुटले की बोट त्यांच्याकडे दाखविण्याची आपली रीत फार जुनी आहे. वाटणीचे खापर तर सुनेवरच फुटावयाचे. सात एकरांत चार भाऊ मावत नाहीत, हे कोणी म्हणत नसे.

पण या विद्वानांच्या कामातही एक उणीव आहे. बहुतेक पाहण्यांत ओसरीवर बसून उत्तर देणारा असे तो कुटुंबप्रमुख. मिळकत सामाईक आहे, हे त्याने सांगावयाचे. चूल एक आहे, हेही त्यानेच. त्या चुलीपुढे कोण बसते, पहाटे कोण उठते, माहेरी जाण्याची परवानगी कोणास मागावी लागते, हे रकाने तक्त्यात नव्हते. महुव्यातील घरांपैकी किती घरांतील स्त्रियांनी आपणहून एकत्रपणास होकार दिला असता? हाटेबाईंनी व इरावतीबाईंनी जे ऐकले ते एका बाजूस आणि देसाई-कापडियांचे तक्ते दुसऱ्या बाजूस ठेवून दोन्ही एकदम वाचणारे अभ्यासक पुढल्या पिढीत निघाले. आधीच्यांस ते सुचले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ओसरी ओलांडून आत जाणे तेव्हा परक्या पुरुषास सोपे नव्हते.

आमच्या पाहण्यातील एका कुलवृत्तान्ताच्या शेवटी, पुढील नोंदी ज्याने त्याने कराव्या म्हणून, काही कोरी पाने बांधलेली आहेत. छापील भागात मुलींची नावे नाहीत; ‘दोन कन्या, उभयता विवाहित’ एवढ्यावर काम भागलेले आहे. कोऱ्या पानांवर मात्र त्या घरातील कोणा स्त्रीने, वळणदार पण थरथरत्या अक्षरात, आपल्या चारही नणंदांची नावे, त्यांची सासरची गावे आणि त्यांच्या मुलामुलींचे जन्मदिवस क्रमाने लिहून ठेविले आहेत. स्वतःचे नाव तिने लिहिलेले नाही. त्या घरच्यांस विचारले तेव्हा ते अक्षर कोणाचे, याविषयी त्यांच्यात थोडा वाद झाला.